कॅमेलियाचा हट्ट कशाला?

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचे की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. मुंबईत कॅमेलिया लावू नये. बाल्कनीच्या कुंडीत नको, गच्चीवर नको, सोसायटीच्या बागेत तर नकोच नको. ज्यांनी लावला त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो काही न सांगता विकणाऱ्यांवर, आणि 'आमच्याकडे काहीतरी वेगळे पाहिजे' या आपल्या नव्या खोडीवर.

हा विषय आत्ताच का काढला तेही सांगते. आमची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. कॉटन ग्रीनमध्ये आता दर दुसऱ्या इमारतीची हीच कथा. नव्या इमारतीचे रंगीत नकाशे परवा सगळ्यांना दाखवले. त्यात गाड्यांच्या मजल्यावर जी बाग व्हायची आहे तिथे एक 'जपानी कोपरा' आहे, आणि त्या कोपऱ्यात कॅमेलियाच्या बारा झुडपांची रांग. चित्रात फुले लालचुटूक, पाने तेल लावल्यासारखी चकचकीत. बघणारे खूश! मी मात्र दुसरा कागद वाचत होते. आजच्या अंगणात भिंतीलगत तगरीची रांग आहे, दोन अनंत आहेत, जास्वंदी आहेत, कोपऱ्यात प्राजक्त आहे. त्या सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द लिहिलेला होता: 'काढणे'.

इमारत पाडायची तर अंगणातली झाडे जाणार, हे मला कळते. पण काढायचे आणि त्यांच्या जागी पुन्हा तीच न लावता कॅमेलिया आणायचा, याला काय म्हणावे?

आधी कॅमेलिया म्हणजे काय ते बघू. मास्तरकीची सवय, विषय मुळापासून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. हे झाड पूर्व आशियातले. चीन, जपान, कोरिया इकडचे. कामेल नावाचा एक जेझुइट मिशनरी फिलिपिन्समध्ये राहून वनस्पतींचा अभ्यास करत असे. १७०६ मध्ये तो मनिलात वारला. पुढे लिनियसने त्याच्या सन्मानार्थ या झाडांच्या कुळाला 'कॅमेलिया' नाव दिले. बागेत फुलासाठी लावतात तो मुख्यतः कॅमेलिया जापोनिका. आणि त्याचा सख्खा भाऊ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कॅमेलिया सायनेन्सिस, म्हणजे आपला चहा! आपण रोज सकाळी आले घालून कॅमेलियाच उकळतो. (गवती चहा मात्र या घराण्यातला नाही. ते गवत.)

युरोपात या फुलाचे वेड एकोणिसाव्या शतकात शिगेला पोचले. धाकट्या अलेक्झांडर द्युमाची कॅमेलियावाल्या स्त्रीची कादंबरी १८४८ ची, आणि तिच्यावरून व्हेर्दीने केलेला 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा १८५३ चा. तेव्हापासून हे फूल श्रीमंतीची खूण होऊन बसले. आपल्याला भुरळ पडते ती झाडाची कमी आणि या खुणेची जास्त, असा मला दाट संशय आहे.

आता झाडाची गरज काय ते बघा. माती आम्लधर्मी लागते. सामू साधारण साडेपाच ते साडेसहा. मुळे बारीक आणि वरवर पसरणारी, त्यामुळे रोप खोल पुरले तर गुदमरते आणि कुंडीत पाणी तुंबले तर कुजते. सकाळचे कोवळे ऊन हवे, दुपारची सावली हवी. बुंध्याशी पालापाचोळ्याचा थर हवा. छाटणी करायची ती फुले संपल्यावर, कारण उन्हाळ्यातच पुढच्या हंगामाच्या कळ्या धरतात. इथवर सगळे जमण्यासारखे आहे. लाल माती आणता येते, सावली करता येते, थर पसरता येतो. पण पुढची गरज विकत मिळत नाही. धरलेल्या कळ्या नीट तयार होऊन उमलायला थंडी लागते. चार दिवसांची शिरशिरी नव्हे, काही आठवडे टिकणारी खरी थंडी. आपल्याकडे जानेवारीत पारा सोळा-सतरावर आला की लोक स्वेटर घालून फोटो काढतात!

आणि थंडीपेक्षाही मोठी अडचण आपल्या रात्रींची. माझी भाची कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला असते. त्या गावाला 'कॅमेलियाचे शहर' म्हणूनच ओळखतात. तिच्या दारात दोन मोठी झुडपे आहेत. मी हा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे उन्हाळ्यात चाळीस अंश होतात. तरी मस्त आहेत की! तुमच्या मुंबईत कधी चाळीस होतात?" प्रश्न चोख होता, म्हणून उत्तरही नीट दिले. तिच्याकडे दिवसा चाळीस झाले तरी रात्री पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो, आणि हिवाळ्यात रात्री चार-पाच अंश असतात. आपल्याकडे मे महिन्यात दिवसा चौतीस आणि मध्यरात्रीसुद्धा सत्तावीस-अठ्ठावीस. झाड दिवसा अन्न तयार करते आणि रात्रंदिवस श्वास घेताना ते खर्च करते. रात्र जितकी गरम तितका खर्च जास्त. थंड मुलखातल्या झाडाला आपल्या रात्री विश्रांतीच देत नाहीत. त्याचे रोजचे जमाखर्चाचे गणित तोट्यातच जाते. त्यावर मग जून उजाडतो आणि चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. मुळे कुजायला आणखी काय पाहिजे?

यावर एक हुशार आक्षेप असतो. "बाई, चहासुद्धा कॅमेलियाच ना? मग आसामात कसा होतो? तिथे काय कमी उकाडा आणि कमी पाऊस आहे?" (विचारणारा माझा जुना विद्यार्थी. वर्गातही असाच विचारायचा.) तर आसामचा चहा ही वेगळी जात आहे, तिथली माती मुळातच आम्लधर्मी आहे, मळ्यात वर सावलीची झाडे असतात, पाणी निघून जायला चर असतात आणि हिवाळा आपल्यापेक्षा पुष्कळ थंड असतो. शिवाय तिथे झाडाकडून हवी असतात पाने. फुलांसाठी तिथे कोणी डोळे लावून बसत नाही. आपला सगळा हट्ट मात्र फुलाचा.

आता विकणाऱ्यांकडे वळते. डिसेंबर-जानेवारीत फोनवर जाहिराती सुरू होतात. डोंगरातल्या थंड रोपवाटिकेत वाढवलेले, कळ्यांनी लगडलेले रोप खोक्यात घालून घरपोच. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीने असेच मागवले. नोकरी करणारी, हौशी, पहिल्यांदाच बाग करणारी. दीड हजाराच्या आसपास पैसे पडले. आल्यावर दोन फुले उमलली, तिने सगळ्यांना बोलावून दाखवली. फेब्रुवारीत उरलेल्या कळ्या न उमलताच गळल्या. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या. तिने कुंडी इकडून तिकडे हलवली, पाणी वाढवले, मग कमी केले, कुणीतरी सांगितले म्हणून अंड्यांची टरफले घातली. (ती तर चुन्याचीच. आम्ल मातीच्या झाडाला नेमकी उलटी!) गणपती यायच्या आत काठी उरली.

विकणाऱ्याला तिने कळवले तेव्हा उत्तर आले की निगा बरोबर राखली गेली नाही. आणि ती मला म्हणाली, "बाई, माझ्या हातालाच गुण नाही. आता मी झाडे लावणार नाही."

मंडळी, मला संताप येतो तो या वाक्याचा. मी आयुष्यभर शाळेत शिकवले. सातवीच्या मुलाच्या हातात अकरावीचा पेपर द्यायचा, तो नापास झाला की 'तुला डोकेच नाही' म्हणायचे, आणि पोराने ते खरे मानायचे, हा प्रकार मी पुष्कळ पाहिला आहे. इथेही तेच. दीड हजार रुपये गेले ते गेले, ते परत मिळवता येतील. पण एक तरुण मुलगी 'मला झाडे जमत नाहीत' असे ठरवून बसली. ती पुन्हा साधी तुळसही लावणार नसेल तर हा तोटा कुठल्या बिलात धरायचा?

औषधाच्या बाटलीवर लिहिलेले असते ना, थंड जागी ठेवा म्हणून? मग रोपाच्या खोक्यावर 'हे झाड किनारपट्टीच्या उष्ण दमट हवेत टिकत नाही' एवढे छापायला किती शाई लागते? आणि ज्या पिनकोडला माल पाठवायचा तो तर यांच्या समोरच असतो! बियांची तर आणखी मजा. निळ्या कॅमेलियाचे बी अशी जाहिरात मी स्वतः पाहिली आहे. निळा कॅमेलिया जगात नाही. आणि खऱ्या कॅमेलियाचे बी सुकले की त्याची उगवण्याची ताकद लवकर जाते, उगवलेच तर फूल यायला अनेक वर्षे लागतात, तेही आईसारखे येईल याची खात्री नाही. म्हणून चांगल्या जाती कटिंगने किंवा कलमाने वाढवतात. पाकिटातल्या दहा सुक्या बियांतून फोटोतले फूल निघेल असे सांगणे ही सरळसरळ फसवणूक आहे. दुसरा शब्द नाही.

कुणी म्हणेल, बाई आता परदेशी झाडांच्या विरोधात गेल्या. अजिबात नाही. गुलमोहर मादागास्करचा. पांढरा चाफा अमेरिका खंडातला. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. रस्त्यावर सावली धरणारा वर्षावृक्षही तिकडचाच. यांच्याशिवाय मुंबईची कल्पना तरी करता येईल का? आमच्या शेजारच्या शिवडीला तर या गोष्टीचा इतिहासच आहे. आज जिथे ख्रिस्ती दफनभूमी आहे तिथे १८६० च्या आधी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची बाग होती. दूरदूरची झाडे आणून या मातीत लावून बघणे हे अशा संस्थांचे कामच. पुढे जागा दफनभूमीला गेली आणि बाग भायखळ्याला हलली. तीच १८६२ मध्ये उघडलेली आपली राणीची बाग. म्हणजे परदेशी झाडे या परिसरात येऊन दीडशेहून जास्त वर्षे झाली. ज्यांना इथली हवा मानवली ती आपली झाली, कुणी त्यांचा पासपोर्ट विचारला नाही. कॅमेलियाला ती मानवली असती तर एवढ्या वर्षांत तो चाळीचाळींत दिसला असता. माझा प्रश्न झाड कुठून आले हा नाहीच. त्याला इथे जगता येते का, एवढाच आहे.

काही जण म्हणतात, हौसेला मोल नसते. एसीच्या खोलीत ठेवू. ठेवा बापडे! पण एका झुडपासाठी रात्रभर एसी चालवायचा आणि बाहेर गरम हवा सोडायची, याला बागकाम म्हणायचे का, एवढा विचार करा. आणि आमच्या नकाशातली बारा झुडपे तर उघड्यावर, सिमेंटच्या स्लॅबवर दोन-अडीच फूट माती टाकून लावायची आहेत. स्लॅब दिवसभर तापणार, सिमेंटचा चुना मातीत उतरणार, वर आमच्या गोदामांच्या रस्त्यावरची ट्रकची धूळ. दरवर्षी बारा मरणार, दरवर्षी नवी बारा येणार, आणि पैसे आपल्या मेंटेनन्समधून जाणार. ठेकेदाराच्या दृष्टीने याहून चांगले झाड कुठले!

बरे, नको म्हणणे सोपे असते. मग लावायचे काय?

कॅमेलियाची हौस ज्याला भागवायची आहे त्याने अनंत लावावा. हाही मूळचा चीनकडचाच, पण त्याच्या उबदार दक्षिण भागातला. म्हणून त्याला आपली हवा चालते. तशीच चकचकीत गडद पाने, तसेच भरगच्च पांढरे फूल, आणि वर असा वास की अख्खा जिना दरवळतो. कॅमेलिया जापोनिकाच्या फुलाला बहुतेक वेळा वासच नसतो, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. गंमत म्हणजे कॅमेलियाच्या निगेचे बहुतेक नियम अनंताला लागू पडतात, त्यामुळे शिकलेले वाया जात नाही. बारा इंची कुंडी घ्या, तळाला भोके मोकळी ठेवा. लाल माती आणि कुजलेल्या पाल्याचे खत निम्मेनिम्मे. सकाळचे ऊन द्या. राख, चुना, अंड्याची टरफले यांतले काही घालू नका. पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडते असे समजा. खतांच्या दुकानात चिलेटेड लोह मागा, पुडीवर लिहिले असेल त्याच मापाने द्या. कळ्या धरल्यावर कुंडी सारखी फिरवू नका आणि पाण्यात खाडा करू नका, नाहीतर कळ्या गळतात. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन, वाळवून घाला. म्हणजे कॅमेलियाही कुंडीत आलाच की!

दुसरी डबल तगर. हिला तर निगाच नको. बारा महिने फुलते. कधीतरी हिरवी जाडजूड अळी पाने फस्त करते. तिचे पुढे सुंदर हिरवे पतंग होतात, म्हणून मी तिला हात लावत नाही. आठ-दहा दिवसांत झाड पुन्हा फुटते.

आणि तिसरा आपला तेरडा. थांबा, हसू नका. बियांच्या पाकिटावर 'कॅमेलिया फ्लॉवर्ड बाल्सम' असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. ते बाल्सम म्हणजे तेरडाच. दुहेरी पाकळ्यांचा, कॅमेलियासारखा दिसणारा. गौरीच्या वेळी कोकणात ज्या तेरड्याची गौर आणतात त्याच घरचा! मेच्या शेवटी किंवा पहिल्या पावसात बी टाका, श्रावण-भाद्रपदात फुलेल. वीस रुपयांत ओळीने लाल, गुलाबी, पांढरे कॅमेलिया तयार. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणतात खरे, पण मुंबईतल्या कॅमेलियापेक्षा तो जास्तच टिकतो. पिकलेल्या शेंगेला बोट लावले की ती फटकन उडते. शाळेत बीप्रसार शिकवताना मला याहून चांगले साधन कधी सापडले नाही.

कॅमेलिया बघूच नये असे मी म्हणत नाही. दार्जिलिंगला जा, शिलाँगला जा, उटीला जा. तिथे तो त्याच्या हवेत डौलाने उभा असतो. मी दार्जिलिंगला पाहिला आहे. त्याचे फूल पाकळी पाकळी न झडता अख्खे गळून पडते. जपानात म्हणे यामुळेच आजाऱ्याला भेटायला जाताना हे फूल नेत नाहीत. आपल्याकडे प्राजक्त आणि बकुळीची फुलेही अख्खीच पडतात, आणि आपण ती पहाटे उठून वेचतो. ज्याची त्याची रीत.

परदेशातल्या नातेवाइकांनाही एक सांगणे. येताना बॅगेतून कॅमेलियाच्या फांद्या आणू नका. भाची प्रेमाने म्हणाली होती, पण मी नको म्हटले. २००३ च्या आपल्या वनस्पती क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय रोपे आणता येत नाहीत. एका फांदीबरोबर कुठला रोग येईल सांगता येत नाही. फोटो पाठवा, तेवढ्याने डोळे निवतात.

आता आमच्या इमारतीतल्या वाचकांसाठी. (आहेत चार-पाच जण. समोर भेटल्यावर 'वाचले नाही' म्हणतात, पण वाचतात.) पुढच्या सर्वसाधारण सभेत मी दोन मागण्या मांडणार आहे. एक, नकाशातला कॅमेलिया काढून तिथे अनंत, तगर आणि जास्वंद घालावी. 'जपानी कोपरा' हे नाव हवे तर खुशाल ठेवा. दोन, पाडकाम सुरू व्हायच्या आधी एक पावसाळा हातात आहे. जून-जुलैत अंगणातल्या तगरीची, अनंताची, जास्वंदीची कटिंगे आणि प्राजक्ताचे बी घेऊन प्रत्येक घराने एकेक पिशवी सांभाळावी. भाड्याच्या घरात जाताना ती सोबत न्यावी आणि परत येताना घेऊन यावी. पंचवीस घरांतली पंधरा पिशव्या जगल्या तरी नवी बाग उभी राहते, आणि खर्च शून्य.

कमिटीतली मंडळी वाईट नाहीत. त्यांतल्या दोघांना मी शिकवले आहे. त्यांना कुणीतरी सुंदर चित्र दाखवले आणि ते भुलले, इतकेच. पण या अंगणातली फुले रोज सकाळी किती घरांच्या देवांवर जातात, हे त्या चित्रकाराला माहीत नव्हते. आपल्याला माहीत आहे. म्हणून सभेला या, आणि हात वर करा.

आणि त्या मजल्यावरच्या मुलीला मी एक कुंडी दिली आहे. तगरीची फांदी खोचलेली. तिला सांगितले, हाताला गुण असतो की नाही ते मला ठाऊक नाही, पण ही फांदी फुटेल. परवा तिचा निरोप आला. तीन नवी पाने आहेत.